मुरलेल्या तंत्रज्ञानाची गोष्ट

परवा सुट्टीत घरी गेलो होतो. सहा महिने खपून केलेलं आमचं ॲप बाबांना मोठ्या कौतुकाने दाखवलं. दोन मिनिटं इकडेतिकडे बोट लावून त्यांनी फोन परत दिला. "छान आहे रे." म्हणजे काही कळलं नाही! त्याच रात्री माळ्यावर माझा जुना ब्रिक गेम सापडला. सेल घातले, तर आई अर्धा तास जागची हलली नाही. तेव्हापासून गुनपेई योकोई डोक्यात घोळतोय.

हा माणूस १९६५ साली क्योटोच्या निन्टेंडोत लागला. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं, काम मात्र पत्ते बनवायच्या मशीनच्या देखभालीचं. हो, पत्तेच! १८८९ पासून कंपनीचा मूळ धंदा तोच. वेळ जाईना म्हणून पठ्ठ्याने लांबून वस्तू पकडणारा एक लांबलचक चिमटा बनवला. तो मालकांच्या नजरेस पडला आणि हुकूम आला, याचं खेळणं कर. १९६६ मध्ये ते बाजारात आलं आणि दहा लाखांहून जास्त खपलं.

पुढे त्याने सूत्रच केलं: स्वस्त, मुरलेलं तंत्रज्ञान घ्या आणि भलत्याच कामाला लावा. कॅल्क्युलेटरचा पडदा घेऊन १९८० साली 'गेम अँड वॉच' केला. १९८९ चा 'गेम बॉय' तर हिरवट-करडा, फक्त चार छटांचा. १९९० मध्ये सेगाचा रंगीत 'गेम गिअर' आला, पण तो सहा सेल काही तासांत गिळायचा. गेम बॉय चार सेलवर दहा तास सहज चालायचा. अमेरिकेत सोबत टेट्रिस मिळायचा. (आईच्या हातात होता तोच खेळ!) त्याला ना भाषा लागते, ना वय. पुढचा 'कलर' धरून गेम बॉय ११ कोटींच्या वर खपले.

पण योकोईसुद्धा चुकला. १९९५ चा त्याचा 'व्हर्च्युअल बॉय' सपशेल आपटला. डोळे खुपसून एकट्याने लाल चित्रं बघायची, शेजारच्याला काहीच दिसणार नाही. मग घरच्यांना त्यात काय मजा?

१९९७ मध्ये योकोई अपघातात गेला. २००६ साली निन्टेंडोचा 'वी' आला. चित्रं प्रतिस्पर्ध्यांपेक्षा साधी, पण रिमोट धरून नुसता हात फिरवला की टेनिस! तोही १० कोटींच्या वर गेला.

असो. सोमवारी ऑफिसात गेलो की आधी ॲपमधली निम्मी बटणं उडवणार आहे. मॅनेजरला काय सांगायचं ते बघू. बाबांना मात्र पुन्हा दाखवायचंय :-)