थांबण्याचे शहाणपण

भाऊबीजेचा दिवस. खानदेशातल्या एका लहानशा फाट्यावरून मी बहिणीच्या गावी निघालो होतो. दिवेलागणीच्या सुमारास, भर रानात, आमचे डिझेल इंजिन एकाएकी मुके झाले. मी घड्याळाकडे पाहून चरफडू लागलो. शेजारच्या आजीबाईंनी खिडकीतून विचारले, "काय व्हयनं रे भाऊ?"

"आजी, वंगणतेलाचा दाब उतरला, म्हणून इंजिन आपणहून बंद झालं," खालून ड्रायव्हर म्हणाले.

"इतलं शहाणं शे का ते?"

वाचकहो, या शहाणपणाला मोठा इतिहास आहे. १८०३ साली इंग्लंडात ग्रिनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या वाफेच्या इंजिनाचा बॉयलर फुटून माणसे दगावली. राखणीचा पोर मासे धरायला गेला होता आणि कोणीतरी घाईने सुरक्षा-झडप दाबून ठेवली होती! त्यानंतर ट्रेव्हिथिकने बॉयलरला शिशाचा प्लग बसवला. पाणी फार उतरले की शिसे वितळावे आणि वाफेने आग दबावी, अशी ती योजना. आमच्या भुसावळच्या शेडमधून वाफेची इंजिने धावत, तेव्हा त्यांच्या अग्निपेटीच्या माथ्यावरही हेच शिसे पहारा करी.

मग डिझेल आले. १९६२ पासून अमेरिकेहून आलेल्या आणि १९६४ पासून वाराणसीत तयार होऊ लागलेल्या 'डब्ल्यूडीएम-२' या २६०० अश्वशक्तीच्या इंजिनात पहारेकरी वाढले. फिरता दांडा आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. दाब गेला की धातूवर धातू घासून सारे जळते. म्हणून दाब उतरताच गव्हर्नर इंधन तोडतो. थंडाव्याचे पाणी कमी झाले, तरी इंजिन थांबते. फेरे भलतेच वाढले, तर फिरती वजने बाहेर फेकली जाऊन इंधन बंद होते.

यंत्र असे थांबायला शिकले. माणसाची घाई मात्र ग्रिनिचचीच राहिली. त्या संध्याकाळी "पुन्हा चालू करा" असा गिल्ला करणाऱ्यांत, खोटे कशाला बोलू, मीही होतो. ड्रायव्हरांनी कोणाचे ऐकले नाही. दुसरे इंजिन येईपर्यंत ते शांत उभे राहिले.

रात्री उशिरा पोहोचलो. बहीण ओवाळणीचे ताट घेऊन जागीच होती.