पक्षाघातोत्तर आकडी

पक्षाघातात (विदर्भात ‘लकवा’) इजा झालेल्या मेंदूच्या भागातून उठणारे झटके. पहिल्या ७ दिवसांतले लवकरचे, नंतरचे उशिराचे. उशिराचा एकच झटकाही बहुधा अपस्मार समजला जातो, कारण तो पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते. मेंदूत रक्तस्राव झाला असल्यास धोका अधिक.

वृद्धांत अंग आखडून तोंडाला फेस येईलच असे नाही. आजोबा घास हातात धरून एकटक बघत राहतात, हाकेला ओ देत नाहीत, लुळ्या हाताचा अंगठा उडत राहतो. घरचे ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. झटक्यानंतर हात काही तास अधिकच लुळा पडू शकतो (टॉडचा पक्षाघात). हा नवा लकवा तर नाही ना, हे घरी ठरवू नये.

रुग्णाला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे. कांदा किंवा चप्पल हुंगवणे निरुपयोगी, दातांत चमचा घालणे घातक. झटका पहिलाच असेल, ५ मिनिटांहून लांबला किंवा लागोपाठ आला तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो व एम्स ही मोठी सरकारी रुग्णालये आहेत. चुकलेल्या गोळ्या, घसरलेली साखर किंवा सोडियम यांनीही झटका येतो. म्हणून औषधांची पिशवी सोबत न्यावी.