सोळा चौकटी, तीन पाती

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई–आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो, आणि भारतीय चित्रपटाच्या पहिल्या पर्वाचा भूगोल पाहिला तर तो बहुतांशी या दोन रस्त्यांच्या टापूतच सामावलेला दिसतो. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. 3 मे 1913 रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्यावर त्याच वर्षी त्यांनी आपले बिऱ्हाड आणि व्यवसाय नाशिकला हलवला. 1918 मध्ये भागीदारांसह स्थापन झालेली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी नाशिकचीच होती, आणि 16 फेब्रुवारी 1944 रोजी त्यांचे निधनही याच शहरात झाले. नाशकात तयार झालेले चित्रपट मुंबईला गेले, देशभर फिरले, बहुतेक नष्ट झाले, आणि जे थोडे तुकडे उरले ते पुढे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पोहोचले. हेच तुकडे आज घरातल्या टीव्हीला जोडलेल्या संगणकावर कोणालाही पाहता येतात; मात्र ते पाहताना माणसे तुरुतुरु धावतात, काळा रंग राखाडी दिसतो, चेहरे फुगीर भासतात. हे दोष फाळके यांच्या कॅमेऱ्याच्या माथी मारले जातात. वास्तविक त्यांतले पुष्कळसे दाखवण्याच्या क्रियेत शिरलेले आहेत, आणि म्हणूनच ते दुरुस्तही करता येतात.

चांगले चित्र ही नेहमीच दोन हातांची निर्मिती होती: एक चित्र घेणाऱ्याचा, दुसरा ते दाखवणाऱ्याचा. फाळके यांनी 1912 मध्ये लंडनला जाऊन आणलेला विल्यमसन कॅमेरा हँडल फिरवून चालवायचा होता. कच्च्या फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे आणि ती धुण्याचे काम दादरच्या घरातच, सरस्वतीबाई फाळके यांच्या मदतीने होई. मूकपटाच्या काळात सेकंदाला सुमारे सोळा चौकटी, म्हणजे सोळा स्वतंत्र स्थिरचित्रे, घेण्याची पद्धत होती. पण वेग हाताचा असल्यामुळे तो कमीजास्त होई, आणि प्रक्षेपक चालवणाराही प्रसंग पाहून आपला हात सैल किंवा जलद करी. सेकंदाला सोळाच चित्रे पडद्यावर पडली तर प्रकाश असह्य लुकलुकतो. यावर उपाय म्हणून प्रक्षेपकात भिंगाच्या वाटेवर फिरणारी तीन पात्यांची झडप बसवलेली असे. एक चौकट जागेवर उभी असताना ही झडप प्रकाश तीनदा सोडी. सोळा चौकटींचे अठ्ठेचाळीस झोत होत आणि तेवढ्या वेगात डोळ्याला लुकलुक फारशी जाणवत नसे. पुढे बोलपटासाठी सेकंदाला चोवीस चौकटींचा वेग ठरला, तेव्हा दोन पात्यांची झडप पुरेशी झाली, कारण चोवीसाचे दुप्पटही अठ्ठेचाळीसच होतात.

वेगाचा हा हिशेब लक्षात न घेतल्याने ‘राजा हरिश्चंद्र’चे किती नुकसान झाले ते साध्या गणिताने कळते. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चौकटी बसतात, म्हणजे मूकपटाच्या त्या वेगाने सेकंदाला बरोबर एक फूट फिल्म सरकते. सुमारे 3,700 फुटांचा हा चित्रपट 3,700 सेकंद, म्हणजे जवळपास 62 मिनिटे चालायला हवा. बोलपटाच्या यंत्रावर चोवीसच्या वेगाने चढवला की तो 41 मिनिटांत संपतो. राणी तारामतीची चाल, ऋषींचा संताप, राजाचे विनवणे हे सारे दीडपट वेगाने होते आणि करुण प्रसंग हास्यास्पद ठरतो. मूकपटांतला अभिनय ‘असाच असायचा’ ही समजूत कित्येक पिढ्यांत रुजली, ती या चुकीच्या वेगामुळे, आणि हा त्या नटांवर झालेला अन्यायच म्हणावा लागेल.

पाहण्याजोगे काही उरले हे मुळात पी. के. नायर यांच्यासारख्या माणसांचे ऋण आहे. 1964 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या उभारणीत आयुष्य घालवणाऱ्या नायर यांनी फाळके यांच्या चित्रपटांचे अवशेष मिळवले, आणि 1919 च्या ‘कालिया मर्दन’चे विस्कळीत तुकडे फाळके यांच्या टिपणांच्या आधारे क्रमाने जुळवले. या चित्रपटात फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाची भूमिका केली आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची तर पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे मिळाली, तीही मूळ 1913 ची नसून 1917 मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासक मानतात.

चित्रपट घरात आला तो दूरदर्शनबरोबर. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, रंगीत प्रक्षेपण 1982 मध्ये आले, आणि गच्चीवर अँटेना फिरवत ‘मुंग्या कमी झाल्या का’ असे खाली विचारणे हे चित्र सुधारण्याचे पहिले घरगुती तंत्र ठरले. भारताने स्वीकारलेल्या पाल पद्धतीत चित्र 625 ओळींचे असते, त्यांतल्या 576 ओळी दृश्य असतात, आणि त्या एकाच वेळी पाठवल्या जात नाहीत: आधी सर्व विषम ओळी, मग सर्व सम ओळी, असे सेकंदाला पन्नास अर्धे भाग येतात. अशा अर्ध्या भागाला फील्ड म्हणतात. काचेच्या नळीचा जुना टीव्ही ओळी आल्या तशा उजळत असल्यामुळे ही युक्ती त्याला चपखल बसली, आणि लुकलुकीचा तोच जुना प्रश्न झडपेऐवजी ओळी वाटून सुटला. मात्र चित्रपटाच्या चोवीस चौकटी या पद्धतीत सहसा पंचवीसच्या वेगाने सोडल्या जात. दोन तासांचा चित्रपट 115 मिनिटांत संपे आणि गाण्यांची पट्टीही किंचित चढे.

त्यानंतरच्या टप्प्यांत चित्र सोयीचे झाले, चांगले झाले नाही. व्हिडिओ कॅसेटच्या काळात हेड साफ करणे आणि ट्रॅकिंगची चकती फिरवणे एवढेच प्रेक्षकाच्या हाती होते. व्हीसीडीने चकत्या गल्लीबोळांत पोहोचवल्या, पण तिचे चित्र 352 बाय 288 बिंदूंचे, म्हणजे एका चौकटीत 1,01,376 पिक्सेलचे. आजच्या 1920 बाय 1080 च्या पडद्यावर 20,73,600 पिक्सेल असतात. व्हीसीडी अशा पडद्यावर भरून दाखवायची तर वीसपैकी जवळपास एकोणीस पिक्सेल संगणकाने शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरलेले असतात. शिवाय माहिती आवळण्यासाठी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात, ते पावसात, धुरात आणि गर्दीच्या दृश्यांत उघडे पडतात.

2000 सालच्या आसपास हौशी तंत्रज्ञांनी टीव्ही ट्यूनरचे कार्ड बसवलेला संगणक दिवाणखान्यात आणायला सुरुवात केली, ती याच दुखण्यावर औषध म्हणून. डीस्केलर, मग एफएफडीशो, पुढे मॅडव्हीआर अशा मोफत प्रणालींनी जी कामे घरी आणली त्यांतले पहिले डीइंटरलेसिंगचे, म्हणजे दोन अर्धे भाग जुळवून पूर्ण चौकट घडवण्याचे. सपाट पडदा सर्व ओळी एकदम दाखवतो. त्यावर कच्चे फील्ड तसेच सोडले तर हलत्या हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उठतात. चित्रपटावरून घेतलेल्या प्रतीत दोन्ही फील्ड मूळच्या एकाच चौकटीचे असतात, म्हणून योग्य जोड्या लावल्या की मूळ चौकट जशीच्या तशी परत मिळते. व्हिडिओ कॅमेऱ्याने घेतलेल्या मालिकेत मात्र ते वेगळ्या क्षणांचे असतात आणि तिथे संगणकाला मधल्या ओळी रचाव्या लागतात. हा भेद न ओळखता एकच सेटिंग सर्वत्र वापरणे हे खराब चित्राचे नेहमीचे कारण आहे.

काळ्या रंगाचे राखाडीपण याहून सोपे आहे. व्हिडिओत काळा 16 या अंकाने आणि पांढरा 235 ने नोंदवतात, तर संगणकाचा पडदा 0 ते 255 ही मोजणी धरतो. दोघांची भाषा जुळली नाही तर रात्र धुरकट होते, किंवा उलट बाजूने चूक झाली तर सावलीतले सगळे तपशील काळोखात बुडतात. प्रभातच्या 1936 च्या ‘संत तुकाराम’सारख्या कृष्णधवल चित्रपटात करड्या छटांची उतरण हेच सौंदर्य असते, त्यामुळे या एका सेटिंगचा परिणाम महागड्या नव्या पडद्याहून मोठा ठरतो. त्याच चित्रपटाची जवळपास चौरस चौकट रुंद टीव्हीवर ताणून बसवली की रुंदी सुमारे एक तृतीयांशाने वाढते आणि तुकोबा आडवे दिसू लागतात. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या सहन करणे हाच तिथे योग्य उपाय आहे.

पडद्याची गती हा मात्र थेट झडपेशी नाते सांगणारा विषय. पडदा सेकंदाला साठ वेळा ताजा होत असेल तर सोळाच्या वेगातल्या चौकटी त्यात समान बसत नाहीत: तीन चौकटी चार-चार वेळा आणि चौथी तीनच वेळा दिसते, आणि चाल अडखळते. संगणक आणि पडदा दोन्ही अठ्ठेचाळीसवर लावता आले तर प्रत्येक चौकट बरोबर तीनदा उजळते, आणि चोवीसचा बोलपट दोनदा. पंचवीसच्या प्रतीसाठी पन्नासची गती घ्यावी. मूकपटाची प्रत पंचवीसच्या वेगाने बनलेली असली तर वेग 0.64 पटीवर आणला की सोळा चौकटींची चाल मिळते. पण आधी प्रत एकेक चौकट पुढे सरकवून तपासावी, कारण काही प्रतींत वेग सांभाळण्यासाठी चौकटी मुळातच दुबार घातलेल्या असतात आणि त्या आणखी मंद केल्या तर चित्र रेंगाळते. अंदाजे वेग ठरला की खरी कसोटी माणसांच्या चालण्याची आणि पडणाऱ्या पाण्याची. हात हँडलवर असणाऱ्या प्रक्षेपकवाल्याची नजर इथे घरच्या प्रेक्षकाला कमवावी लागते.

धार वाढवणारे आणि फिल्मचा रवाळ दाणा पुसणारे फिल्टर हे आजच्या प्रणालींतले सर्वांत मोहक हत्यार आहे, आणि फाळके यांच्या चित्रपटांपुरते ते सर्वांत धोक्याचेही आहे. ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण आणि कालिया यांच्या झुंजीत पाण्याचे तरंग, सर्पाची खवले आणि फिल्मवरचे ओरखडे एकाच करड्या पट्ट्यात मिसळलेले आहेत, दाणा काढू लागलेली प्रणाली ओरखडा आणि तरंग यांत भेद करू शकत नाही आणि दोन्ही पुसून टाकते. मागच्या-पुढच्या चौकटी ताडून फक्त एकाच चौकटीत आलेला डाग काढणे हा त्यातल्या त्यात सभ्य मार्ग, आणि संग्रहालयांतली दुरुस्तीही मोठ्या प्रमाणात याच तत्त्वावर, पण प्रत्येक चौकटीवर माणसाची नजर ठेवून होते. 2022 मध्ये पुण्याचे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले आणि त्याच वर्षी सुमारे 2,200 चित्रपटांच्या दुरुस्तीची योजना जाहीर झाली. अशी दुरुस्त प्रत हाती येईपर्यंत घरच्या संगणकावर वेग, छटांची मोजणी आणि चौकटीचा आकार ही तीनच सेटिंग आधी नीट लावावीत आणि धारेचा फिल्टर बंद ठेवावा.