गुप्तजीवन : संशोधनाचा इतिहास

काही सूक्ष्म अपृष्ठवंशी प्राण्यांच्या शरीरातील जवळजवळ सर्व पाणी निघून गेले, की त्यांची हालचाल, पोषण, श्वसन इ. जीवनव्यापार थांबल्यासारखे होतात. पुन्हा पाणी मिळताच ते पूर्ववत सुरू होतात. या अवस्थेला गुप्तजीवन किंवा क्रिप्टोबायोसिस म्हणतात. भिंती व छपरांवरील मॉसमध्ये (हरितांमध्ये) राहणारे रोटिफर, टार्डिग्रेडा (जल-अस्वले) व सूत्रकृमी ही तिची ठळक उदाहरणे होत. असा प्राणी मेलेला असतो की जिवंत, या प्रश्नावर दोन शतकांहून अधिक काळ वाद झाला. त्याचा निकाल तत्त्वचर्चेने लागला नाही. प्राणी कसा व किती वेगाने सुकतो याकडे लक्ष गेल्यानंतरच वादाला दिशा मिळाली.

पहिले निरीक्षण डेल्फ्ट (नेदर्लंड्स) येथील आंतोनी व्हान लेव्हेनहूक (१६३२–१७२३) यांचे आहे. छपराच्या पन्हळीत साचलेला कोरडा गाळ त्यांनी पाण्यात भिजवला, तेव्हा थोड्याच वेळात त्यात रोटिफर फिरू लागलेले दिसले. १७०२ मधील एका पत्रात त्यांनी हे नमूद केले. या प्राण्यांची त्वचा इतकी घट्ट असावी, की आतील पाणी बाहेर जातच नसावे, असा त्यांचा तर्क होता. म्हणजे प्राणी खऱ्या अर्थाने सुकतो असे त्यांनी मानलेच नाही. १७४३ मध्ये जॉन टर्बरव्हिल नीडॅम (१७१३–८१) यांना रोगट गव्हाच्या दाण्यातील कोरडे तंतू पाण्यात वळवळताना आढळले. हे सूत्रकृमी होते; परंतु पुढे ते खरे प्राणी असल्याचे नीडॅम यांनी स्वतःच नाकारले. टार्डिग्रेडांचे पहिले वर्णन १७७३ मध्ये योहान आउगुस्ट एफ्राइम ग्योत्से या जर्मन धर्मोपदेशकांनी केले व त्यांना ‘लहान पाणअस्वल’ असे नाव दिले.

या विषयाला प्रायोगिक स्वरूप दिले ते लाझारो स्पालान्झानी (१७२९–९९) या इटालियन शास्त्रज्ञांनी. १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात रोटिफर व टार्डिग्रेडा यांना वारंवार सुकवून भिजवल्याचे प्रयोग आहेत. दर फेरीला पुन्हा हालचाल करू लागणाऱ्या प्राण्यांची संख्या घटत जाते, तसेच ओल्या प्राण्यापेक्षा कोरडा प्राणी अधिक उष्णता सोसतो, हे त्यांनी दाखवले. वाळूत सुकलेले रोटिफर पुन्हा हलू लागतात, उघड्या काचेवर सुकलेले मात्र हलत नाहीत, असेही त्यांना आढळले. वाळूची गरज का भासावी, हे त्यांना उलगडले नाही. हे प्राणी मरतात व पुन्हा जन्म घेतात, या मताकडे त्यांचा कल होता.

फ्रेंच प्राणिवैज्ञानिक ल्वी द्वायेर (१८११–६३) यांनी १८४२ मध्ये निर्वातात व सल्फ्यूरिक अम्लाच्या सान्निध्यात टार्डिग्रेडा सुकवले. सावकाश व पूर्णपणे सुकलेले काही प्राणी १२०° से. पर्यंत तापवूनही भिजवल्यावर हालचाल करू लागले. या निष्कर्षाला रूआन येथील फेलिक्स आर्शिमेद पूशे (१८००–७२) यांनी १८५९ मध्ये कडाडून विरोध केला. त्या विरोधाचे मूळ प्राण्यांपेक्षा वेगळ्याच ठिकाणी होते. पूशे हे स्वयंजननवादाचे पुरस्कर्ते होते. तापवलेल्या द्रव्यांत नवे जीव आपोआप उत्पन्न होतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. परंतु कोरडे जीव पाणी उकळण्याच्या तापमानालाही तगतात असे ठरले, तर त्यांच्या प्रयोगांचा पायाच ढासळत होता. लहानशा रोटिफरावर एवढा मोठा भार क्वचितच पडला असेल.

वाद पॅरिसच्या जीवविज्ञान संस्थेकडे (सोसिएते द बिऑलॉजी) गेला. तिने नेमलेल्या समितीचा अहवाल पॉल ब्रॉका (१८२४–८०) यांनी १८६० मध्ये सादर केला. समितीने मॉसचा नमुना ८२ दिवस कोरड्या निर्वातात ठेवून नंतर अर्धा तास १००° से. ला तापवला, त्यातील काही रोटिफर पाणी मिळताच हलू लागले. शरीरात ओल शिल्लक असताना तापवल्यास प्राणी मरतो व आधी पूर्ण सुकल्यास तगतो, हा भेद समितीने अधोरेखित केला. पूशे यांचे अपयश यामुळे समजण्याजोगे झाले. मात्र सुकलेल्या प्राण्यात जीवन मंद गतीने चालू असते की थांबलेले असते, याबाबत सदस्यांत एकमत नव्हते, आणि ब्रॉका यांनी तो निर्णय देण्याचे टाळले. उपलब्ध साधने पाहता हा संयम योग्यच म्हणावा लागेल. क्लोद बेर्नार (१८१३–७८) यांनी या अवस्थेला सुप्त जीवन म्हटले.

पुढे मोजमापाची साधने आली. १९२० नंतरच्या दशकात गिल्बर्ट राम या बेनेडिक्टाइन साधूंनी मॉसमधील कोरडे प्राणी द्रवरूप हीलियममध्ये ठेवले. इतक्या नीच तापमानानंतरही ते पूर्ववत झाले. त्या तापमानात रासायनिक विक्रिया चालू राहणे जवळजवळ अशक्य असल्याने मंद जीवनाची कल्पना टिकणे कठीण झाले. सायटोक्रोमावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले केंब्रिजचे डेव्हिड केलिन (१८८७–१९६३) यांनी १९५९ मध्ये या साऱ्या इतिहासाचा परामर्श घेऊन क्रिप्टोबायोसिस ही संज्ञा रूढ केली. त्यांच्या मते जीवन म्हणजे अखंड चालणारा चयापचय नव्हे. रचना शाबूत असेल तर चयापचय थांबू शकतो व पुन्हा सुरू होऊ शकतो.

स्पालान्झानींच्या वाळूचा उलगडा एका आफ्रिकी कीटकामुळे सुकर झाला. उत्तर नायजेरियातील कातळावरच्या उथळ डबक्यांत पॉलिपेडिलम व्हॅन्डरप्लँकी या चिलटासारख्या माशीच्या अळ्या राहतात. कोरड्या ऋतूत डबकी आटली, की अळ्याही सुकतात. (सह्याद्रीच्या पठारांवरील पावसाळी डबक्यांत फेअरी श्रिंप हे कवचधर प्राणी कोरडा काळ काढतात, परंतु ते अंडावस्थेत, अळी किंवा प्रौढ अवस्थेत नव्हे.) हॉवर्ड हिंटन (१९१२–७७) यांनी १९६० मध्ये दाखवले, की सुमारे ३% पाणी उरलेली अळी −२७०° ते १०२° से. या मर्यादेत तग धरते. अळी सावकाश सुकताना ट्रेहॅलोज ही शर्करा मोठ्या प्रमाणात तयार करते, हे २००२ मध्ये जपानी संशोधकांनी सिद्ध केले. वेगाने सुकवल्यास ती पुरेशी तयार होत नाही व अळी मरते. पाण्याची जागा घेऊन कोशिकांची पटले व प्रथिने जपणे हे या शर्करेचे कार्य मानले जाते. वाळू किंवा मॉस ओल धरून ठेवतात व सुकण्याचा वेग कमी करतात. प्राण्याला तयारीसाठी लागणारा अवधी त्यामुळे मिळतो.

तथापि एकच किल्ली सर्व कुलुपांना लागत नाही. डेलॉइड रोटिफरांत ट्रेहॅलोज आढळत नाही, असे २००३ मध्ये दिसून आले. काही टार्डिग्रेडांत सुकण्याच्या वेळी विशिष्ट घडी नसलेली प्रथिने संरक्षण करतात, हे २०१७ मध्ये सिद्ध झाले. सप्टेंबर २००७ मध्ये फोटॉन-एम३ या उपग्रहावरून कोरडे टार्डिग्रेडा अवकाशातील निर्वातात नेण्यात आले. त्यांतील अनेक परतल्यावर पूर्ववत झाले. सूर्याच्या जंबुपार किरणांपुढे मात्र बहुतेकांचा निभाव लागला नाही.

संग्रहालयातील १२० वर्षे जुन्या मॉसमधील टार्डिग्रेडा जिवंत झाल्याची कथा अनेक पुस्तकांत आढळते. ती १९४८ मधील एका निरीक्षणावरून पसरली. प्रत्यक्षात एका प्राण्याच्या पायांत क्षीण कंप तेवढा दिसला होता व प्राणी पूर्ववत झाला नव्हता. सामान्य तापमानाला कोरड्या अवस्थेत टार्डिग्रेडा टिकल्याचा विश्वसनीय काळ सुमारे दहा वर्षांचा आहे. अंटार्क्टिकातून आणलेल्या मॉसमधील टार्डिग्रेडा तीस वर्षांहून अधिक काळानंतर पूर्ववत झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पण तो नमुना गोठवून ठेवलेला होता. ऑक्सिजनाच्या संपर्कात कोरडे प्राणी लवकर निकामी होतात, ऑक्सिजनाच्या अभावी अधिक टिकतात. साठवणीत त्यांचा होणारा नाश हा मंद जीवनव्यापारापेक्षा ऑक्सिडीभवनाने होणाऱ्या हानीचा परिणाम असल्याचे यावरून सूचित होते.