जुन्या गाडीच्या जन्मतारखा किती?

कोल्हापूरच्या दसरा चौकात सीमोल्लंघनाला येणारी छत्रपती घराण्याची मेबॅक तुम्ही पाहिली असेल. उघड्या टपाची, दमदार इंजिनाची ही जर्मन गाडी संस्थानी काळातली.

समजा, अशीच एखादी जुनी गाडी तुम्ही विकत घ्यायला गेलात. मालक म्हणतो, ‘१९३६चं मॉडेल!’ इथंच थांबा. १९३६ साली नेमकं काय झालं? मेबॅक कंपनी इंजिन आणि चासी बनवायची; बॉडी बहुधा श्पोनसारखे वेगळे कारखाने चढवायचे. म्हणजे दोन कारखाने, दोन तारखा. भारतातली नोंदणी ही तिसरी. त्यात कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ला मुंबई प्रांतात विलीन झालं. त्यामुळं आधीचे आणि नंतरचे कागद एकाच दप्तरात मिळतील, असं धरून चालू नका.

हा नुसता हौशी वाद नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ नोंदणीसाठी गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, शिवाय चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको.

म्हणून चासीवरचा नंबर, इंजिनावरचा नंबर आणि आरसी बुक आधी ताडून बघा. घराण्याच्या गोष्टी नंतर ऐका. नंबर जुळले नाहीत तर गिऱ्हाईक भाव पाडतं. संशोधकानं मात्र विचारायचं: इंजिन कधी बदललं, कुणी, का? तुमच्या साधनांनाही हेच लागू आहे. पोथी असो की मोटार, एकच तारीख सांगितली की कुठल्या भागाची, ते विचारा.