शिवलेलं छत, चिकटवलेलं छत

लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत पडतो. या चार महिन्यांत काय काय खराब होतं, हे मावळातलं कुठलंही घर सांगेल. चपलांना बुरशी येते, कपाटांची दारं फुगतात, गाद्यांना कुबट वास लागतो. अलीकडे या यादीत पंधरा-वीस वर्षं जुन्या मोटारीच्या आतल्या छताची भर पडली आहे. आधी मागच्या काचेपाशी कापडाला एक फुगा येतो. दोन पावसाळ्यांत कापड मागे बसणाऱ्याच्या डोक्याला लागू लागतं आणि चालकाला आरशात मागचा रस्ता दिसेनासा होतो. कापड उचलून पाहिलं तर आत तपकिरी, चिकट भुकटी सापडते.

त्याच पावसात पन्नास वर्षांची एखादी फियाट उभी असेल तर तिचं छत मळतं, क्वचित उसवतं. पण असं अख्खं खाली येत नाही. या फरकामागे नव्वद वर्षांचा इतिहास आहे.

मराठीत वाहनाच्या छताला 'टप' हा शब्द आहे. बग्गीला टप होता, आजही आपण एसटीच्या टपावर सामान टाकतो. पण टप म्हणजे बाहेरची बाजू. आतल्या बाजूला आपला शब्द नाही, दुकानात तिला 'रूफ लायनिंग' म्हणतात. घोडागाडीच्या काळात आत-बाहेर असा फारसा भेदही नव्हता. १८३० साली बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचं छत म्हणजे लाकडी कमानींवर ताणलेलं कापड किंवा कातडं. सुरुवातीच्या मोटारी याच कारागिरांच्या हातच्या होत्या. अमेरिकेतले फिशर बंधू बग्ग्या बांधणाऱ्या घरातले. त्यांची कंपनी पुढे जनरल मोटर्सची झाली. १९३० च्या सुमारासही बंद मोटारींचं छत लाकडी सांगाड्यावर जाळी, कापूस आणि रबर चढवलेलं कापड असंच असे. एवढ्या रुंदीचा अखंड पोलादी पत्रा मिळणंच अवघड होतं. रुंद पत्रा लाटणाऱ्या गिरण्या आल्या आणि १९३५ च्या मॉडेलांवर फिशरनं अखंड पोलादी टप बसवला.

पोलादानं पाऊस अडवला, पण नवे प्रश्न आणले. पत्रा ढोलासारखा वाजतो, उन्हात तापतो, थंड रात्री आतून घामेजतो. त्यामुळे आतल्या कापडाचं काम बदललं. आता ते पत्रा झाकायला आणि आवाज मारायला होतं. बसवण्याची रीत मात्र बग्गीचीच राहिली. कापडाचे पट्टे एकमेकांना शिवायचे, प्रत्येक शिवणीमागे नाड्याच्या नेफ्यासारखी एक नळी ठेवायची, तिच्यात पोलादी सळई ओवायची आणि सळईची टोकं टपाच्या दोन्ही कडांच्या भोकांत अडकवायची. मग कापड पुढे-मागे ओढून कडेला पक्कं करायचं.

कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं बनवलेली फियाट ११००, म्हणजे पुढची पद्मिनी, याच पद्धतीची. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीची ही गाडी मुंबईची टॅक्सी झाली, आणि टॅक्सीवाल्यांनी रेक्झिनच्या छताला स्वतःची चित्रं दिली: फुलं, वेली, नक्ष्या. २०१५ मध्ये 'टॅक्सी फॅब्रिक' या उपक्रमात तरुण चित्रकारांनी छत आणि सीटसाठी खास कापडं केली. छत सहज बदलता येतं, म्हणूनच ते सजवता येतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

दरम्यान कारखान्यांनी शिवण सोडली होती. सळ्या ओवून कापड ताणायला कसबी हात आणि वेळ लागतो. चालत्या साखळीवर दोन्ही महाग. शिवाय सळ्यांमुळे डोक्यावरची जागा जाते. म्हणून १९७०-८० च्या दशकांत जगभर दुसरी रीत रुळली. साच्यात दाबलेला एक तक्ता, त्यावर दोन-तीन मिलिमीटर फोम, त्यावर कापड. तक्ता आत सरकवला, चार ठिकाणी अडकवला की झालं. भारतात नव्वदच्या दशकातल्या नव्या मॉडेलांबरोबर ती सर्रास झाली.

इथे मावळचा पाऊस गोष्टीत येतो. हा फोम पॉलियुरेथेनचा. फोमचा पृष्ठभाग ज्वाळेनं वितळवून कापड चिकटवायचं असेल तर त्याचा 'एस्टर' प्रकार सोयीचा पडतो. पण एस्टरचे बंध पाणी तोडतं. तुटताना आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढची तोडफोड आणखी वेगानं करतं. कपाटात ठेवलेल्या न वापरलेल्या बुटांचे तळवे एक दिवस चुरा होतात, तोच हा प्रकार. मे महिन्याचा तापलेला पत्रा आणि जुलैची ओल ही जोडी त्याला मानवते.

आमच्या घरची गाडी वीस वर्षांची आहे. इंजिन धडधाकट, पण छत लोंबायला लागलं तसं घरात 'मोडीत काढा' सुरू झालं. त्याला हिशेबही होता: पंधरा वर्षांनंतर मोटारीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेलं. वडिलांना गाडी ठेवायची होती. तळेगावच्या एका कुशनवाल्यानं तक्ता मागच्या दारातून बाहेर काढला आणि सकाळचा सगळा वेळ फक्त जुना फोम खरवडण्यात घालवला. नवं कापड लावायला तासभर पुरला. "भुकटीवर गोंद लावला तर तो भुकटीलाच धरतो," एवढंच तो म्हणाला. अनेक दुरुस्त्या सहा महिन्यांत पुन्हा सुटतात, त्याचं कारण या एका वाक्यात आहे.

मी सॉफ्टवेअर लिहितो. जोडलेल्या आणि चिकटवलेल्या गोष्टींतला फरक आमच्याकडेही रोज दिसतो. शिवण उसवते तेव्हा कुठे उसवली ते दिसतं आणि तेवढीच शिवता येते. चिकटवलेलं छत आतून, न दिसता, सगळीकडे एकदम संपत जातं. चिकटवणं ही लबाडी नव्हे. त्यानं गाड्या स्वस्त आणि शांत केल्या. पण छताचं आयुष्य शिंप्याच्या हातातून निघून रसायनाच्या हातात गेलं, आणि ते रसायन मावळचा पाऊस डोळ्यांसमोर ठेवून निवडलेलं नव्हतं.

पोलादी टप आणणाऱ्या त्याच जनरल मोटर्सनं २००८ मध्ये तळेगावला, म्हणजे मावळातच, कारखाना काढला. २०२० च्या अखेरीस तो थांबला, पुढे ह्युंदाईकडे गेला. त्या पट्ट्यात हजारो तक्ते मिनिटांच्या हिशेबानं बसले असतील. एक तक्ता काढून, खरवडून, पुन्हा बसवायला मात्र अजूनही एका माणसाचा एक दिवस लागतो. गाडी ठेवायची की मोडीत द्यायची, हे बऱ्याच घरांत त्या एका दिवसावर ठरतं.