मावळातली शस्त्रविद्या आणि चित्ताचे स्थैर्य

शस्त्र चालवता चालवता मन निवत जाते, हा विचार निघाला की आपल्याकडचे जिज्ञासूसुद्धा आधी जपानकडे पाहतात. त्यात वावगे काही नाही. मियामोतो मुसाशीने तलवारीवरचा आपला ग्रंथ १६४५ मध्ये हातावेगळा केला, आणि त्याच दशकात इकडे तोरणा स्वराज्यात आला. पण मुसाशीने लिहून ठेवले, मावळ्यांनी नाही.

भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत या विषयाच्या शोधात येणाऱ्याला कागद मिळत नाहीत असे नव्हे. कारीच्या जेध्यांची शकावली आहे, करीना आहे. १६५९ मध्ये अफजलखान चालून आला तेव्हा कान्होजी जेध्यांनी वतनावर पाणी सोडले, ही हकीकत त्यांतून कळते. त्यांचा हात कुणी घडवला, हे मात्र कळत नाही. तेव्हा इथले तत्त्वज्ञान हत्यारात आणि मातीत वाचावे लागते. अभ्यासकाला हे गैरसोयीचे वाटेल. मला ते भाग्याचे वाटते.

दांडपट्टाच घ्या. शिंदच्या बाजीप्रभूंचे चित्र लोकांच्या मनात याच हत्यारासह आहे. पाते लांब, दुधारी आणि लवचीक. मूठ आडवी, आणि तिच्यावरचे लोखंडी आवरण कोपराकडे चढत गेलेले. हात आत गेला की मनगट बांधले जाते. मग वार निघतो तो खांद्यातून, कमरेतून, पायांच्या पवित्र्यातून. रागाच्या भरात हात झटकला, तर लवलेले पाते आपल्याच मांडीवर येते. शांत राहा, असा उपदेश इथे कुणाला करावा लागत नाही. पट्टाच तो करतो. तळहातावरचे लिंबू पट्ट्याने कापतात, तेव्हा कापणाऱ्याइतकाच धरणाराही कसोटीला लागलेला असतो. प्रेक्षक त्याच्याकडे सहसा पाहत नाहीत. तुम्ही पाहा.

भोरहून वरंधा घाट उतरला की समर्थ रामदासांची शिवथरघळ येते, म्हणून प्रत्येक तालमीतल्या मारुतीचा धागा थेट समर्थांपर्यंत ओढायचा मोह होतो. तो आवरावा. बलोपासनेला समर्थांनी मोठे अधिष्ठान दिले हे खरे. पण मल्लविद्या त्याहून पुष्कळ जुनी. बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. उलट, आज शिवजयंतीच्या मिरवणुकीत दिसणारा मर्दानी खेळ जसाच्या तसा शिवकाळातून आला, असेही धरून चालू नये. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने शस्त्र बाळगण्यावर बंधने आली. अशा काळातून आलेल्या विद्येत रणांगणातले किती आणि प्रदर्शनासाठी घडलेले किती, हे ज्याचे त्याने तपासावे. द. चिं. मुजुमदारांनी बडोद्याहून काढलेला दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश त्या कामी हाताशी असावा. तो सलग वाचायचा ग्रंथ नव्हे, चाळत राहण्याचा आहे.

वाचन मात्र तालमीत जाण्याला पर्याय नाही. गावोगावच्या यात्रांत कुस्त्यांचा फड भरतो. जाणकार मोठ्या जोडीच्या वेळेला येतात. आपण आधीच जाऊन बसावे, रेवड्यांच्या कुस्त्या सुरू असताना. कसलेला मल्ल आपला राग लपवायला शिकलेला असतो. आठ-दहा वर्षांच्या पोराला ते जमत नाही. चितपट झाला की तो रडतो, नाहीतर पुन्हा अंगावर धावून जातो. तेव्हा वस्ताद त्याला बाजूला घेऊन काय सांगतात, ते कान देऊन ऐकावे.